"हे काय?" न विचारता वाचणं

माझा नातू साडेचार वर्षांचा. ऐकू नीट येतं, कोडी भराभर सोडवतो, पण वाक्य जुळत नाही. "आजी पिशवी केळी," एवढ्यावरच अडतो. स्पीच थेरपिस्टने सांगितलं, हे डीएलडी, म्हणजे डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर, भाषा शिकण्या-बोलण्यातली अडचण. इंग्लंडमधल्या अभ्यासात शंभरातल्या साधारण सात मुलांना ही अडचण दिसली होती. आपल्याकडे मात्र "मुलगे उशिराच बोलतात" म्हणत किती वर्षं वाया जातात!

रात्री जेवणं उरकली की मी त्याला समोर बसवते, मांडीवर नाही. समोर असला की त्याला माझा चेहरा दिसतो आणि त्याचं बोट कुठे जातंय ते मला. पुस्तक रोज तेच, आठवडी बाजाराचं. "हे काय? ते काय?" असं मी विचारत नाही, त्याने तो गप्पच होतो. चित्राबद्दल एक वाक्य बोलते आणि थांबते. हे थांबणं फार मोलाचं. घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांना तेच जमत नाही, कुणीतरी चटकन उत्तर सांगून मोकळं होतं.

परवा तो म्हणाला, "कुत्रा पळाली."
"हो, कुत्रा पळाला! टोपलीखालून पळाला."

चुकलास म्हणायचं नाही, माझ्यामागून म्हण असंही नाही. बरोबर रूप कानावर पडत राहायला हवं. मराठीत लिंग, वचन, विभक्ती यांनी शब्दांचे शेवट बदलतात आणि त्याचं अडतं ते तिथेच. म्हणून तर रोज तेच पुस्तक, तीच वाक्यं.

मुलाला बोलतं करत वाचायची अशी एक पद्धत अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी 1988 साली मांडली, डायलॉजिक रीडिंग. तिच्यात हळूहळू मूल सांगणारं होतं आणि आपण ऐकणारे. मला हे फार पटतं.

शेजारी सांगतात, घरात फक्त इंग्रजी बोला. मुळीच नाही! दोन भाषांमुळे डीएलडी होत नाही. बाजारात भाव कसा करतात, जुडी कशी निवडतात, हे मी मराठीतच रंगवून सांगू शकते.

वाचन थेरपीच्या जोडीला असावं, तिच्याऐवजी नको. तीन वर्षांचं मूल दोन-तीन शब्द जोडत नसेल तर आधी कान तपासा, मग स्पीच थेरपिस्ट गाठा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, तिथे दोन्हींची सोय आहे.