तुम्ही विचारलंत म्हणून

"रशियन जिम्नॅस्टिक्सच्या त्या जुन्या, रंग उडालेल्या फिल्म्स पुन्हापुन्हा काय बघत बसता?" भाचा विचारतो, ऑफिसात विचारतात, आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते. शाळेत मला साधी कोलांटउडी जमली नाही, तेव्हा तज्ज्ञपणाचा प्रश्नच नाही.

1975, लंडन, वेम्बली. वर्ल्ड कप. सोव्हिएत संघाची ल्युदमिला तुरिश्चेवा अनइव्हन बारवर, म्हणजे एक उंच आणि एक बुटका अशा दोन दांड्यांवर, आहे. तेव्हा दोन्ही दांडे आजच्यापेक्षा खूप जवळ असायचे. वरून झोका घेत यायचं, खालच्या दांड्यावर ओटीपोट आपटायचं आणि त्याच धक्क्यावर पुढची हालचाल करायची. नुसतं बघून माझ्या पोटात गोळा येतो. ती शेवटची उडी घेते आणि पाठीमागे बारचा अख्खा सांगाडा कोसळतो. ती पाय जुळवून उभी राहते, पंचांना अभिवादन करते आणि चालू लागते. मागे वळून बघतसुद्धा नाही! स्पर्धाही तीच जिंकली.

मजा म्हणजे 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये सर्वांगीण, म्हणजे सगळे प्रकार मिळूनचं, सुवर्णपदक या तुरिश्चेवाचंच, पण लोकांच्या लक्षात राहिली ती बारवर चूक झाल्यावर रडलेली तिच्याच संघातली ओल्गा कोर्बुट. वरच्या दांड्यावर उभं राहून मागे घेतलेली तिची उलटी उडी अफाट आहे, कबूल. तरी माझं मत तुरिश्चेवालाच.

एक फिल्म मात्र मी हल्ली पुरी बघत नाही. 1978, स्ट्रासबर्ग. नेली किम, नादिया कोमानेची, सगळ्यांना मागे टाकून येलेना मुखिना जगज्जेती झाली. पुढच्याच वर्षी तिचा पाय मोडला. तो पुरता बरा व्हायच्या आत तिला पुन्हा सरावाला जुंपलं, तेही थॉमस सॉल्टोच्या. सॉल्टो म्हणजे हवेतली कोलांटी. त्यात हवेतून थेट गडगडत उतरायचं. अंदाज जरा चुकला की मानेवरच. 3 जुलै 1980 ला मिन्स्कमध्ये तेच झालं. मॉस्को ऑलिम्पिकला 16 दिवस होते, ती 20 वर्षांची होती. मान मोडली, हातपाय कायमचे लुळे पडले. पुढे 26 वर्षं ती तशीच जगली. ती उडी नंतर स्त्रियांसाठी बंद झाली.

स्ट्रासबर्गला ती फ्लोअरवर अंगाला पूर्ण पीळ देत दुहेरी सॉल्टो मारते. त्या सॉल्टोला आज तिचंच नाव आहे. ती उतरते, पायांवर उभी राहते. तिथे मी फिल्म थांबवते.