घामानं बंद पडलेला प्लेअर आणि माझे ४७ दिवस

व्यायामाला गाणी ऐकायला म्हणून छोटा प्लेअर घेणार असाल तर दुकानात आवाज कसा आहे, बॅटरी किती चालते हे नंतर विचारा. आधी एवढंच विचारा : घाम आत जाऊन बंद पडला तर वॉरंटीत बसतं का, आणि तसं कुठं लिहिलंय? मी ते विचारलं नाही. त्याची किंमत २१ एप्रिल ते ७ जून अशी मोजली.

मी कोल्हापुरात एका पतसंस्थेत काउंटरवर बसते. पहाटे साडेपाचला शिवाजी विद्यापीठाच्या आवारात पळायला जाते. आधी मोबाईल दंडाला बांधायचे. तो जड होतो, पट्टा सरकतो, आणि उजाडायच्या आतच ग्रुपवर टिणटिण सुरू होते. एखाद्या ठेवीदाराचा फोन आला की पाय थांबलेच. तो तासभर तरी माझा असावा म्हणून नुसती गाणी वाजवणारी डबी हवी होती.

राजारामपुरी, शाहूपुरी पालथी घातली. "ताई, आता हे कोण घेतंय? मोबाईल हाय की!" हेच जिथं तिथं. त्यांचंही बरोबर होतं. ॲपलनं आयपॉड शफल हा असाच चिमट्याचा छोटा प्लेअर २०१७ मध्ये बंद केला आणि २०२२ मध्ये आयपॉड बनवणंच थांबवलं, मग दुकानदार कशाला माल भरून ठेवेल? शेवटी एका दुकानात मिळाला. काडेपेटीएवढा, मागं चिमटा, पुढं पाच बटणं. खोक्यावर पळणाऱ्या माणसाचं चित्र आणि खाली आयपीएक्स ४, म्हणजे पाणी किती सोसतं त्याचा दर्जा. १७ फेब्रुवारीला घेतला.

दोन महिने फार छान गेले. चढाला मी हलगी लावायचे, पाय आपोआप उचलायचे. १९ एप्रिलला मधलं बटण दाबलेलं वर येईना. घरी येऊन बघितलं तर वायर खुपसतो त्या भोकाच्या कडेला पांढरट पूड धरलेली. दुसऱ्या दिवशी चालूच होईना.

सर्व्हिस सेंटरची वेळ ११ ते ५. म्हणजे अर्धी रजा. तासभर बसल्यावर नंबर आला आणि दोन मिनिटांत परत पाठवलं : वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का नाही, बिलावर प्लेअरचा सिरीयल नंबर नाही. हे दुकानात खरेदी करतानाच बघून घ्या, मी कळकळीनं सांगते. माझा दुकानदार भला माणूस, त्याच संध्याकाळी शिक्का मारून नंबर लिहून दिला. पण सगळेच देतील असं नाही.

दुसऱ्या खेपेला काउंटरवरच्या मुलानं भिंगातून भोकात बघितलं. आत कागदाचा बारीक पांढरा ठिपका असतो, त्याला ओल लागली की तो लाल होतो. माझा गुलाबी झाला होता. "मॅडम, पाणी गेलंय. वॉरंटीत बसत नाही."

मी म्हटलं, "दादा, एप्रिल महिना आहे. पाऊस नाही, पाण्यात पडला नाही. हा माझा घाम आहे. आणि तुमच्या खोक्यावर पळणाऱ्या माणसाचं चित्र आहे."

"घाम म्हणजे ओलच की मॅडम."

इथं माझं डोकं फिरलं. आयपीएक्स ४ म्हणजे कुठल्याही बाजूनं शिंतोडे उडाले तरी चालतं, असा कंपनीचा स्वतःचा दावा. (तिथं ७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास. एक्सचा अर्थ धुळीची चाचणीच केलेली नाही.) मात्र ही चाचणी साध्या पाण्यावर होते. पाणी वाळून जातं. घाम वाळला तरी मीठ मागं राहतं आणि तेच धातू खातं. ती पांढरट पूड त्यातलीच. हे मला नंतर कळलं, पण विकणाऱ्याला आधीपासून माहीत असणार ना! पळणाऱ्यासाठी म्हणून विकायचं आणि पळून घाम आला म्हणून नाकारायचं, हे मला अजून पचलेलं नाही.

मी म्हटलं, नाकारताय तर कारण लेखी द्या. तो म्हणाला, "लेखी द्यायचा अधिकार आम्हाला नाही, माल पुण्याला पाठवावा लागेल." मी म्हटलं, पाठवा. जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीला घेतल्याच्या कागदावर, त्यानं "पाण्यामुळे खराब" असं आधीच लिहून टाकलेलं. मी सही केली नाही. ते खोडून "चालू होत नाही, बटण अडकले" एवढंच लिहायला लावलं, मग सही केली. हे अगदी लक्षात ठेवा. त्या चौकटीत जे लिहिलं जाईल तेच पुढं तुमच्या विरोधात वाचलं जातं.

त्यानंतर वाटच वाट. फोन केला की "अजून अप्रूव्हल आलं नाही." आठ दिवसांनी तेच, पंधरा दिवसांनी तेच. तिसऱ्या खेपेला गेले तर मुलगा बदललेला, त्याला कशाचाच पत्ता नाही, सगळं पहिल्यापासून सांगितलं. मी स्वतः काउंटरच्या आतल्या बाजूला बसते. समोरच्याला तारीख न देता परत पाठवणं किती वाईट असतं ते मला कुणी शिकवायला नको. आमच्याकडं म्हातारी ठेवीदार आली तरी आम्ही चिठ्ठीवर तारीख लिहून देतो. मला त्या महिन्यात कुणी एकदाही तारीख दिली नाही.

मेच्या शेवटी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. मराठीत बोलता येतं. बिल, जॉबशीट आणि खोक्याचे फोटो जोडले. पळणाऱ्या माणसाच्या चित्राचा फोटो मुद्दाम जोडला. तक्रार तिथून कंपनीकडं जाते. नाहीच ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी ठेवली होती. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. ती वेळ आली नाही. आठव्या दिवशी कंपनीतून फोन, "मॅडम, बदलून देतोय." फोन ठेवला आणि मला चक्क रडू आलं. एवढ्याशा डबीसाठी रडू येईल असं वाटलं नव्हतं.

एक राहिलंच, गाणी भरताना माझा एक रविवार गेला होता. मेमरी कार्ड ३२ जीबीच्या वरचं घेऊ नका. त्याहून मोठी कार्डं एक्सफॅट फॉरमॅटमध्ये (कार्डावर फायली मांडायची एक पद्धत) येतात आणि साध्या प्लेअरला बहुधा फॅट ३२ ही जुनी पद्धतच कळते, कार्ड रिकामंच दिसतं. एवढी जागा लागतही नाही, १२८ केबीपीएसच्या (साध्या दर्जाच्या) गाण्याला मिनिटाला साधारण एक एमबी पुरते. गाण्यांची नावं मराठीत ठेवली तर माझ्या प्लेअरवर नुसते चौकोन दिसायचे, म्हणून आता सगळ्यांना ०१, ०२ असे आकडे दिलेत आणि त्याच क्रमानं एकेक करून कॉपी करते. एकदम टाकली की क्रम विस्कटतो.

बटणंच घ्या, घामेजल्या बोटांना टच स्क्रीन दाद देत नाही. आणि रेडिओ हवा असेल तर वायरचाच हेडफोन लागेल, कारण ती वायरच एरियल असते. ब्लूटूथ लावून आकाशवाणी कोल्हापूर ऐकायचा प्रयत्न मी केलाय, नुसती खरखर. रंकाळ्याच्या बाजूला रस्त्यानं पळणार असाल तर एक कान मोकळा ठेवा, मागून गाडी आलेली कळत नाही.

नवा प्लेअर हातात आला ७ जूनला, मृग लागायच्या तोंडावर. आता पळून आले की चहाच्या आधी तो ओल्या फडक्यानं पुसते, मग कोरड्यानं, आणि भोक खाली करून खिडकीत ठेवते. पळताना चिमटा कमरेला न लावता टोपीच्या मागच्या पट्टीला लावते, तिथं घाम कमी पोचतो. खोकं, बिल आणि शिक्क्याचं कार्ड कपाटात पासबुकाच्या पिशवीत ठेवलंय. वॉरंटी १६ फेब्रुवारीपर्यंत आहे.