बारा जणं, चौदा दिवस

पोटातल्या बाळाची हालचाल नोंदवायचं ॲप मी वहिनीसाठी करायला घेतलं. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव, प्राथमिक आरोग्य केंद्र अकरा किलोमीटरवर. वहिनीला तेव्हा आठवा लागला होता. ॲप तीन आठवड्यांत झालं. ते गूगलच्या प्ले स्टोअरवर यायला त्याच्या दुप्पट वेळ गेला, आणि तो राग अजून गेलेला नाही.

गूगलचा नियम असा की ॲप टाकणाऱ्याचं नवीन वैयक्तिक खातं असेल तर आधी किमान बारा जणांनी सलग चौदा दिवस चाचणीत राहायचं. प्रत्येकाचा ईमेल हवा. इथे ऐन कापूस वेचणीचे दिवस. फोन नवऱ्याचा, तो दिवसभर वावरात. ईमेल खातं मोबाइल दुकानातल्या पोरानं काढून दिलेलं, पासवर्ड घरात कोणालाच माहीत नाही. रोज रात्री आठनंतर मी आशाताईंसोबत घरोघरी फिरले. कसेबसे बारा जमले, चौदा दिवस भरले, अर्ज केला. उत्तर आलं: चाचणी पुरेशी झालेली नाही, पुन्हा चौदा दिवस. नेमकं काय कमी पडलं, हे एका ओळीनंही सांगितलं नाही. मी रडले त्या रात्री.

म्हणून सांगते, बारावर थांबू नका, अठरा जण घ्या. सगळ्या गरोदर बायाच पाहिजेत असं नाही. भाऊ, मैत्रिणी, आशाताई चालतात. कोण काय बोललं आणि तुम्ही काय बदललं, ते वहीत लिहून ठेवा, अर्जात तेच विचारतात. दुसऱ्या वेळी मी वहीतलंच उतरवलं आणि मंजुरी मिळाली.

वहीतली सगळ्यात मोलाची नोंद उपकेंद्राच्या सिस्टरची. माझ्या पहिल्या ॲपमध्ये दहा हालचाली झाल्या की हिरवी खूण यायची. सिस्टर म्हणाल्या, "खूण दिसली की बाई निर्धास्त झोपून जाईल. रोजच्यापेक्षा कमी वाटलं तर दहा भरले तरी तिनं दवाखान्यात यायला पाहिजे." हिरवी खूण मी त्याच रात्री काढली. आता ॲप अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून बाळ रोज साधारण कसं फिरतं ते दाखवतं, आणि कमी वाटल्यास 'उद्यावर टाकू नका, आत्ताच निघा' एवढंच सांगतं. शेवटच्या महिन्यात बाळ शांत होतं, हा गावातला समज चुकीचा आहे. तेही मोठ्या अक्षरात घातलं. बटणावर 'हालचाल नोंदवा' होतं, तिथे 'लेकरू फिरलं' केलं. नोंदवायची वेळ रात्रीच्या जेवणानंतरची, डाव्या कुशीवर पडून. दिवसभर वाकून कापूस वेचताना हालचाल नीट कळत नाही, आणि फोनही रात्रीच घरी येतो.

मंजुरी आली तेव्हा वहिनीची मुलगी नऊ दिवसांची होती. वहिनीनं शेवटपर्यंत चाचणीचंच ॲप वापरलं.

एक राहिलंच. 108 चं बटण पहिल्याच पानावर ठेवा, आणि सगळं ॲप इंटरनेटशिवाय चाललं पाहिजे. आमच्याकडे रिचार्ज संपलेला असतो.