न घेतलेल्या कार्यक्रमात वाजलेली जाहिरात

5 मार्च 2012, सोमवार. अमेरिकेत रेडिओची जाहिरात-वेळ विकत घेणाऱ्या आमच्या टेबलावर सकाळी पहिला फोन आला तो एका क्लायंटचा. 'लिम्बॉच्या कार्यक्रमात आमची जाहिरात नसते, असं काल जाहीर करून बसलोय. आणि लोक त्यात वाजलेल्या आमच्याच जाहिरातीचं रेकॉर्डिंग पाठवतायत.'

आदल्या बुधवारी, 29 फेब्रुवारीला, रेडिओवरचा उजव्या विचारांचा प्रसिद्ध निवेदक रश लिम्बॉ याने गर्भनिरोधकांच्या विमासंरक्षणावर बोलणाऱ्या सँड्रा फ्लुक या कायद्याच्या विद्यार्थिनीबद्दल गलिच्छ शब्द वापरले होते. शनिवारी त्याने माफी मागितली, तरी कार्बोनाइट या जाहिरातदार कंपनीने त्याच दिवशी जाहिराती थांबवल्याचं जाहीर केलं. त्यानंतर इतरांनाही आपापली यादी तपासावी लागली.

क्लायंट खोटं बोलत नव्हता. ऑर्डरमध्ये लिम्बॉचं नाव कुठेच नव्हतं. ऑर्डर होती 'सोमवार ते शुक्रवार, सकाळी 10 ते दुपारी 3, रोटेशन', म्हणजे त्या वेळात कुठेही. पूर्वेकडे हा कार्यक्रम थेट 12 ते 3 चालायचा. म्हणजे टॉक स्टेशनवर, जिथे गाण्यांऐवजी बोलण्याचे कार्यक्रम असतात, विकत घेतलेल्या पाच तासांपैकी तीन त्याचेच. पश्चिम किनाऱ्यावर तो 9 ते 12, म्हणून तिथे या 10 ते 3 च्या पट्ट्यातले दोन तास आणि शिवाय 6 ते 10 या सकाळच्या पट्ट्यातला एक. स्वस्त रोटेशन घेतलं की स्पॉट, म्हणजे एकेक जाहिरात, कुठे पडेल हे स्टेशनचा ट्रॅफिक विभाग ठरवतो, आणि तो मोकळी जागा बघतो, आशय नाही.

जाहिरात तिथे पोचण्याची दुसरी वाट बार्टरची, म्हणजे कार्यक्रमाच्या बदल्यात जाहिरात-वेळ. सिंडिकेटेड, म्हणजे अनेक स्टेशनांना पुरवलेल्या, कार्यक्रमातली दर तासाची काही मिनिटं नेटवर्क स्वतःकडे ठेवतं आणि देशभर विकतं. त्या स्पॉटवर स्थानिक स्टेशनचा हात चालत नाही. म्हणून आधी शोधायचं ते हे, की रेकॉर्डिंगमधला स्पॉट स्थानिक ब्रेकमधला की नेटवर्कच्या. चुकीच्या दारावर जाऊन भांडण्यात अर्धा दिवस जातो.

बिलाची वाट बघून भागणार नव्हतं. प्रसारण-महिना 27 फेब्रुवारी ते 25 मार्च असा होता आणि नेमक्या वेळांसह बिल त्यानंतर येणार. आम्ही प्रत्येक स्टेशनकडून झालेल्या दिवसांचे लॉग, म्हणजे काय कधी वाजलं याच्या नोंदी, त्याच सकाळी मागवले. नव्या ऑर्डरमध्ये फक्त तास वगळले नाहीत, कार्यक्रमाचं नाव लिहिलं. कारण सकाळी लिम्बॉचं छोटं 'मॉर्निंग अपडेट' वाजायचं, शनिवार-रविवारी आठवड्याचं संकलन, आणि काही स्टेशनं कार्यक्रम उशिरा लावायची. तास वगळणाऱ्यांची पुन्हा फजिती झाली ती इथेच.

बदली स्पॉट म्हणून एका स्टेशनने रात्री 7 नंतरची वेळ पुढे केली. संख्या तीच, पण श्रोते कुठे होते? बदली घ्यायची तर स्पॉटांच्या संख्येवर नाही, लक्ष्यगटाच्या रेटिंगवर तोलून.

दुपारी खरा प्रश्न आला: तीन तास सोडले तर नुकसान किती? तेव्हा रेडिओचे श्रोते मोजणाऱ्या आर्बिट्रॉन कंपनीच्या आकड्यांत पाव तासातले सरासरी श्रोते मोजत. त्या पंधरा मिनिटांत निदान पाच मिनिटं ऐकलेला तो श्रोता धरत. समजा 6 वर्षांवरचे असे 20,000, आणि स्पॉट 200 डॉलरचा. हजारी दर, म्हणजे हजार श्रोत्यांमागे, 10 डॉलर. पण क्लायंटला हवे 25 ते 54 वयाचे, आणि टॉकचा श्रोता वयस्क. त्यातले 5,000च असतील तर दर 40 डॉलर. स्टेशनचा सेल्समन पहिला आकडा दाखवतो, दुसरा आपण मागायचा. या हिशेबाने क्लायंट त्या वेळेचे आधीपासूनच जास्त पैसे देत होता. वादाने फक्त ते उघड केलं.

त्याच दिवशी दुसऱ्या क्लायंटने उलट विचारलं: रिकामे झालेले स्पॉट स्वस्तात मिळतील का? तो निवृत्तीच्या वयातल्या घरमालकांना फोनवरून माल विकणारा. त्याच्यासाठी हाच श्रोतृवर्ग सोन्यासारखा. टॉक ऐकणारा बोलणं लक्ष देऊन ऐकतो, गाण्यासारखं मागे वाजू देत नाही. प्रत्येक स्टेशनला वेगळा टोल-फ्री नंबर द्यायचा, 150 डॉलरच्या स्पॉटवर पाच फोन आले तर फोनमागे 30 डॉलर, आणि विक्रीचा नफा त्यात बसतो का एवढंच बघायचं. मोठ्या दुकानसाखळीला हे परवडत नाही. तिच्या काउंटरवर दोन्ही बाजूंचे लोक येतात.

पहिल्या क्लायंटला निषेधाच्या ईमेल चाळून दिल्या. शब्दशः एकसारख्या वेगळ्या काढल्या, खरेदीचा किंवा दुकानाचा उल्लेख असलेल्या वर ठेवल्या. निवेदनात मात्र 'आम्ही तिथे नव्हतोच' हे वाक्य काढायला लावलं. लॉग काहीही सांगू शकतो. 'आमच्या ऑर्डरमधून हा कार्यक्रम वगळण्याची सूचना दिली आहे' एवढंच ठेवलं, आणि तेही शेवटच्या स्टेशनकडून लेखी होकार आल्यावर, संध्याकाळी.

पुढच्या काही दिवसांत नेटवर्कच्या एका अंतर्गत पत्रातली 98 जाहिरातदारांची यादी बाहेर आली: यांच्या जाहिराती वादग्रस्त कार्यक्रमांत लावू नका, अशी. तोवर आमच्या ऑर्डरच्या छापील नमुन्यात 'वगळायचे कार्यक्रम' हा नवा रकाना आला होता.