गच्चीवरच्या मिरच्या

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर ५ कुंड्यांतून आज पाऊण किलो जाड मिरच्या निघाल्या! लगेच सांडगी मिरचीचा घाट घातला. उभी चीर, आत मेथी, धणे, जिरं, हिंग, मीठ. रात्री आंबट ताकात, दिवसा उन्हात, ताक पार जिरेपर्यंत. मीठ सढळ हवं, ते मिरचीतलं पाणी ओढून घेतं, म्हणून बुरशी धरत नाही. आई ते नजरेनेच मापायची. आज पहिल्यांदा मीही तसंच घातलं, हात थरथरला.

शेजारच्या बेन राईच्या कुरिया (मोहरीची डाळ) घेऊन आल्या, "थोडी आथेली पण करा ने!" आथेली म्हणजे मोहरी लावून मुरवलेली लोणच्याची मिरची. म्हणून चार मिरच्या लिंबू पिळून बरणीत. बडोद्याचा मे, पारा ४० च्या पुढे. बाकीच्या लवकरच खुळखुळ वाजतील. पहिली तळलेली मिरची दहीभातासोबत बाबांच्या पानात.