ठिपक्यांचा बेगोनिया: पावसाळ्यातली नोंद

मेमध्ये शेंडा खुडला होता त्या काडीला खालच्या पेरांतून दोन फुटवे आलेत. एक जोमात आहे, दुसरा अजून शेंगदाण्याएवढा. पण महिन्याची खरी कमाई म्हणजे बुंध्यातून निघालेली नवी काडी. केन बेगोनिया, म्हणजे बांबूसारख्या पेरांच्या उभ्या काड्यांचा बेगोनिया, नुसता वाढू दिला तर खालची पानं गाळत उंच जातो आणि शेवटी टोकाला चार पानं असलेली काठी उरते. बुंध्यातून काड्या येत राहिल्या तरच कुंडी भरलेली दिसते. म्हणून खुडायला घाबरू नका.

झाड बेगोनिया मॅक्युलाटा, मूळचा आग्नेय ब्राझीलच्या किनाऱ्यालगतच्या अटलांटिक जंगलातला. पावसात सह्याद्रीच्या कातळांवर गुलाबी फुलांनी येणारा बेगोनिया क्रेनाटा याचाच भाऊबंद, फक्त त्याचा कारभार पावसाळ्यापुरता. मॅक्युलाटाचे चंदेरी ठिपके रंगाचे नाहीतच. तिथे पानाच्या वरच्या त्वचेखाली हवेची पोकळी असते आणि तिच्यावरून प्रकाश परततो. पाठीमागचा लाल मात्र अँथोसायनिनचा, खराखुरा रंग.

आता मुद्द्याचं. या झाडाबद्दल बोलताना सगळे दमटपणाच्या मागे लागतात. फवारणी करा, खडे-पाण्याचं ताट ठेवा, ह्युमिडिफायर घ्या. पुण्यात एप्रिलमध्ये हवा कोरडी पडते आणि पानांच्या कडा तपकिरी होतात, तेवढं कबूल. पण फवारलेलं पाणी थोड्या वेळात उडून जातं आणि पावसाळ्यात तर दमटपणा फुकट मिळतो. तेव्हा खरी भीती भुरीची, म्हणजे पानावर पांढरी पूड धरणाऱ्या बुरशीची. या बुरशीला पानावर पाणी साचायचीही गरज नसते, कोंडलेली दमट हवा पुरते. (द्राक्षबागेतली भुरी याच कुळातली, पण जात वेगळी, तिकडची इकडे येत नाही.)

या पावसात माझ्या झाडाच्या एका जुन्या पानावर पांढरी पूड दिसली. पान लगेच काढून पिशवीत बांधून टाकलं, कंपोस्टात नाही. दाटीतली आतली दोन पानंही काढली, कुंडी भिंतीपासून पुढे ओढली आणि छताचा पंखा दिवसभर एकवर ठेवला. नवीन पूड आलेली नाही. भुरीवर गंधक फवारतात, पण ते घरात फवारायची माझी तयारी नाही, आणि या झाडाला अजून तशी वेळ आलेलीही नाही.

बाकी फार सांगण्यासारखं नाही. पूर्वेची खिडकी, मध्ये पातळ पडदा. मिश्रणात कोकोपीट, परलाइट, थोडं गांडूळखत आणि कोळशाचे तुकडे. वरचा बोटाच्या पेराएवढा थर कोरडा झाल्याशिवाय पाणी नाही, या दिवसांत तर आणखी हात आखडून. घरात मांजर असेल तर कुंडी उंचावर, कारण झाडात ऑक्झलेट असतात, ते मांजराला बाधतात.

फुलांचा एक झुपका लोंबतोय. आधी नरफुलं उमलतात, ती गळताहेत. मागून येणारी मादीफुलं पाठीमागच्या तीन पंखांच्या अंडाशयावरून लगेच ओळखू येतात आणि टिकतातही जास्त. नरफुलं गळाली म्हणून झुपका कापून टाकू नका.

खुडलेला शेंडा पाण्यात आहे आणि मुळं धरलीत. कुणाला कलम करायचं असेल तर निदान एक पेर असलेला तुकडाच घ्या. रेक्स या रंगीत पानांच्या बेगोनियाच्या नुसत्या पानापासून रोप होतं; केनचं पान मुळं धरतं, पण सहसा फुटवा देत नाही. माझा शेंडा याच आठवड्यात मातीत जाईल, त्याच कुंडीत नव्या काडीशेजारी.