आमची वाटचाल : थिजलेल्या दराची वर्षं

सुरुवात दोन जुन्या लेथवर, म्हणजे धातू फिरवून कातायच्या मशिनांवर झाली. भागीदार फिटर, मी टर्नर. लेथचा बेड, म्हणजे खालचा सरळ पाया, जॉब पकडणाऱ्या चकजवळ सर्वांत जास्त झिजतो, कारण रोजचे आखूड जॉब तिथेच होतात. मग लांब शाफ्ट लावला की टेपर येतो, म्हणजे तो एका टोकाला निमुळता होतो. भागीदारांनी उंचवटे दाखवणारा निळा रंग लावून, ते हाताने खरवडून तो बेड असा सरळ केला की जेवणाची सुट्टीही त्यांच्या लक्षात राहायची नाही. ते स्क्रॅपर आजही त्यांच्याच ड्रॉवरमध्ये आहेत, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

पुढची काही वर्षं बरी गेली.

मग आला तो काळ. मंदी असती तर कळली तरी असती. आमच्याकडे ऑर्डर येत होत्या, मशिनं चालू होती, फक्त आम्ही बनवायचो त्या बुशचा, म्हणजे शाफ्टभोवती बसणाऱ्या धातूच्या नळीचा, दर हलत नव्हता. बुशचा धातू गनमेटल महागलं, कातायची टोकं म्हणजे इन्सर्ट महागले, पेमेंट लांबत गेलं. कारण एकच : आमचा प्रतिस्पर्धी मटेरियलच्या खर्चाखाली कोटेशन टाकायचा. त्याचं जुनं कर्ज बुडीत दाखवायला नको म्हणून बँक त्याला नवं देत होती आणि त्यातून तो जुन्याचं व्याज भरत होता. जपानमध्ये हेच देशभर झालं. तिथल्या शेअर बाजाराचा निर्देशांक निक्केई डिसेंबर १९८९मध्ये ३८,९१५वर बंद झाला. तो आकडा ओलांडायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. मधल्या काळात तिथल्या बँकांनी डबघाईच्या कंपन्या कर्जावर जगवल्या, त्यामुळे नीट चालणाऱ्यांनाही भाव मिळेना आणि नव्यांना शिरायला जागा राहिली नाही.

शेवटी आमच्या मोठ्या ग्राहकाने बुशची ऑर्डर उचलून त्यालाच दिली. एका ईमेलवर. पगार थकले.

तारलं ते पंप दुरुस्त करणाऱ्या एका बाईंनी. पंपाच्या शाफ्टवरची झिजलेली नळी, म्हणजे स्लीव्ह, फडक्यात गुंडाळून आणायच्या, ड्रॉइंग नसायचंच. "माप तुम्ही काढा, दरही तुम्हीच सांगा," म्हणायच्या आणि माल नेतानाच पैसे द्यायच्या. स्लीव्हची जी कड झिजलेली नसते तिथे मायक्रोमीटर लावायचा आणि मूळ फिट काय असेल, म्हणजे ती किती घट्ट बसत असेल, ते ठरवायचं. वर्षानुवर्षं एकच बुश मारणाऱ्या आमच्या पोरांना हे जमायला वेळ लागला.

म्हणून कारखानदारांना सांगतो, टर्नरला अधूनमधून अनोळखी ड्रॉइंग द्या, त्यात दोन पैसे गेले तरी. एकाच जॉबवर ठेवलेला माणूस कुरकुर करत नाही, हिशेबात स्वस्तही दिसतो. पण तो जॉब गेला की त्याला दुसरीकडेही कुणी घेत नाही.

पुढे बँकेने हात आखडला आणि प्रतिस्पर्ध्याचं शटर पडलं. लगेच त्या ग्राहकाची चौकशी आली, जुन्याच दराने! भागीदार इतक्या वर्षांची मटेरियलची बिलं घेऊन पर्चेसवाल्यांसमोर जाऊन बसले. ऑर्डर आमच्या दराने मिळाली. अॅडव्हान्स मात्र ते अजूनही देत नाहीत.